मोठ्या सर्व्हरचा मान

आमच्या शिक्षणसंस्थेत कुठलंही काम पाहुण्याचा हात लागल्याशिवाय सुरू होत नाही. बोअरच्या मोटारीचं बटणही एका माजी सभापतींनी दाबलं होतं आणि वर अर्धा तास बोलले होते. त्यामुळे परभणीच्या कार्यालयातल्या पाच सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं, तेव्हा सचिवांनी आधी मंडपवाल्याला फोन केला आणि मग मला.

मी संस्थेचा संगणकवाला. पाचही मशीन एकाच वेळी घेतलेली, एकाच बनावटीची; बारकं-मोठं म्हणायचं ते फक्त कामावरून. माझा बेत साधा होता. चारठाण्याच्या शाळेची नुसती हजेरी ठेवणारं बारकं मशीन आधी करायचं, दोन दिवस बघायचं, आणि सगळ्या पोरांचे दाखले ज्यात आहेत ते मोठं सर्वांत शेवटी. सचिवांना ऐकूनच ठसका लागला.

"पाहुण्याच्या हातानं बारकं मशीन? अपमान करायलास का त्यांचा? मोठ्यापासून धर!"

मी मान डोलावली. आमच्या नोकरीत मानेला तेवढाच व्यायाम.

अकराचे पाहुणे साडेबाराला आले. की-बोर्डला हळदीकुंकू, सर्व्हरला हार. पाहुण्यांनी करंगळी उंच धरून एन्टर दाबलं, टाळ्या झाल्या, डिजिटल क्रांतीवर भाषण सुरू झालं. क्रांती जिंतूर रोडपर्यंत पोचते न पोचते तोच मोठं मशीन बंद होऊन चालू झालं आणि डिस्कच सापडत नाही म्हणू लागलं. डिस्क ज्या जुन्या कार्डाला जोडलेल्या होत्या, ते कार्डच नव्या सिस्टिमला ओळखता येत नव्हतं.

कार्यक्रमामुळे दाखल्यांची खिडकी बंद ठेवलेली, तिच्यापाशी पिंगळीचे एक शेतकरी सकाळपासून उभे होते, शेजारी दहावी झालेली मुलगी. पाचच्या आत दाखला कॉलेजात दिला नाही, तर तिची जागा जाणार होती. बॅकअप मी घेतलेला होता, पण जुनी सिस्टिम टाकून तो परत भरायला चार-पाच तास हवे होते. तोवर दाखला हातानं लिहून देऊ, असं मी सचिवांना म्हटलं.

"आजच्या दिवशी हातानं? पाहुणे जेवायलेत अजून!"

मी पुन्हा मान डोलावली.

दाखला साडेपाचला छापून निघाला. काय बिघडलं ते मी त्या गृहस्थांना खरं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सगळ्या मशिनी सारख्याच हायत का?"

"हो."

"मंग बारक्यावर करून बघायचं की आधी. आमी नवं औषध आणलं तर एका ओळीवर मारून बघतो. एकदम सगळ्या कापसावर मारत न्हाई."

मला लय लाज वाटली. मुलीनं दाखल्याची घडी केली आणि माझ्याकडे न बघताच निघून गेली. तिची जागा गेली.

पेपरात फोटो आला. मधे पाहुणे, हार घातलेला सर्व्हर, आणि कडेला टाळ्या वाजवणारा मी. सचिवांनी तो फ्रेम करून दाखल्यांच्या त्याच खिडकीवर लावलाय.