कर्ता शोधणारे काका

सकाळी साडेसातला आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर कर्तेकाका पेपर उघडायचे ते लाल पेन हातात घेऊनच. वाचता वाचता मध्येच थांबायचे, एखाद्या ओळीभोवती गोल काढायचे आणि समोरून जो कोणी जात असेल त्याला अडवून विचारायचे, "'जमावाला पांगवण्यात आले.' कुणी पांगवलं? वाक्यात कर्ता कुठाय?" दूधवाला, वॉचमन, शाळेच्या बसकडे धावणारी मुलं, यातून कोणी सुटायचं नाही. मुलांनीच त्यांचं नाव कर्तेकाका पाडलं. नामदेव सोनकांबळे हे खरं नाव लेटरबॉक्सवर होतं, पण ते बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं.

काका मूळचे लातूरकडचे. तीसेक वर्षं त्यांनी सरकारच्या प्रसिद्धी विभागात, वेगवेगळ्या जिल्ह्यांत नोकरी केली. काम एकच, प्रसिद्धीपत्रकं लिहायची. निवृत्त झाल्यावर मुंबईजवळ मीरा रोडला, नया नगरच्या मुस्लिम वस्तीला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत त्यांनी घर घेतलं. दोन वर्षांत काकू गेल्या. मुलगा मिलिंद नाशिककडे एका अनुदानित शाळेत शिक्षक. काका एकटेच राहायचे, स्वतःपुरतं रांधायचे आणि बुद्धपौर्णिमेला पातेलंभर खीर करून मजल्यामजल्यावर वाटायचे. लाल पेनाला कोणी हसलं तर म्हणायचे, "मी आयुष्यभर कर्ता लपवायचं काम केलंय. पोटासाठी केलंय. मला नाही दिसणार तर कुणाला दिसेल?"

मी एका मराठी न्यूज चॅनलमध्ये काम करते. टीव्हीच्या तळाशी बातम्यांची जी पट्टी सरकत असते, ती तेव्हा मी लिहायचे. सकाळची शिफ्ट, चारपर्यंत घरी. मी गेटातून आत शिरले की काका बाकावरून विचारायचे, "काय मनीषा, आज किती जणांना घाबरवून आलीस?" आधी मी हसायचे. पुढे पुढे ते लागायला लागलं. एकदा वैतागून म्हटलं, "काका, लोकांना हवं असतं तेच आम्ही दाखवतो." ते रागावले नाहीत. सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस. तुला आमच्या कचेरीतलं सांगतो. कुठं दगडफेक झाली की आम्ही लिहायचो, 'परिस्थिती नियंत्रणात आहे.' पण निवडणूक जवळ आली असली की वरून फोन यायचा. 'आहे' नको, 'येत आहे' करा. 'परिस्थिती नियंत्रणात येत आहे.' बघ, एवढ्यानं काय व्हायलंय. लोक घाबरलेलेही राहतात आणि कुणीतरी आपल्याला वाचवायलंय असंही त्यांना वाटतं. दोन्ही कामं झाली. रोज उठून लाठी चालवणं कुठल्या सरकारला परवडेल? शब्द फुकटात मिळतो."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी 'येत आहे' लिहायचो," काका म्हणाले आणि पेपरची घडी करायला लागले.

त्यांच्या मनात एक शिंपी होता. त्याच्याबद्दल ते मला एकदाच बोलले. एका तालुक्याच्या गावी गडबड झाली, खबरदारी म्हणून काही लोकांना पकडलं. साहेबांनी पत्रक सांगितलं, काकांनी लिहून घेतलं. 'समाजकंटकांना ताब्यात घेण्यात आले.' यादी नंतर हाती आली. त्यात गावातल्या शिंप्याचं नाव होतं. काकांनी त्याच आठवड्यात त्याच्याकडे सफारीचं कापड टाकलं होतं. वीस दिवसांनी तो सुटला, आरोप काहीच नव्हता. पण गावाने पेपर वाचला होता. त्याच्याकडे कापड टाकायला कोणी जाईना. एक दिवस तो कचेरीत आला आणि काकांच्या टेबलावर त्यांचं कापड ठेवून म्हणाला, "साहेब, दुकान बंद करतोय. माप घेतलं होतं, शिवायचं राहिलं." काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. "तो माझ्यावर चिडला असता ना, तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले.

मग आमच्याकडेच ते घडलं. निवडणुकीचे दिवस होते. नाक्यावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, भांडण झालं, चार दगड आले, दोन दुकानांच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच नाक्यावरून रिक्षा पकडली. एक माणूस काचा झाडत होता, टपरीवर चहा उकळत होता. ऑफिसात पोचले तर पडद्यावर ती चाळीस सेकंदांची क्लिप पुन्हापुन्हा फिरत होती. आमचे डेस्कप्रमुख म्हणाले, "तू तिथलीच ना? मग तूच लिही. 'मीरा रोड धुमसतंय.'"

"सर, मी आत्ताच तिथून आले. सगळं शांत आहे."

"वरून आलंय. आणि दिवस कसले आहेत ते कळतंय ना तुला?"

मी लिहिलं. 'मीरा रोड धुमसतंय. नागरिक भीतीच्या छायेत.' दुपारी गावाहून आईचा फोन आला. रडत होती. "तू घराबाहेर पडू नकोस गं, टीव्हीवर खाली येतंय बघ." ती माझीच पट्टी मला वाचून दाखवत होती.

रविवारी सकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली. दोन दिवस ग्रुपवर व्हिडिओ येत होते, कुठले, कधीचे, कोणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरी मेहताभाईंनी ठराव वाचला. 'सुरक्षेच्या कारणास्तव नया नगरच्या बाजूचे मागील गेट बंद करण्यात यावे. तसेच बी-२०४ मधील भाडेकरूंना सदनिका रिकामी करण्यास सांगण्यात यावे.' बी-२०४ मध्ये सायरा टीचर नवऱ्यासोबत राहायच्या. सभेत बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं त्यांच्याकडे गणिताला जायची. मेहताभाईंची मुलगी त्यांच्याच जिवावर दहावी पास झाली होती. सायरा टीचर आणि त्यांचा नवरा सभेला आले नव्हते. त्यांना कळवलंच नव्हतं.

काका उभे राहिले. "मेहताभाई, 'सांगण्यात यावे' म्हणजे कुणी सांगायचं?"

"सोसायटी सांगेल ना, काका."

"सोसायटीला तोंड नसतं. माणूस लागतो. नाव लिहा. 'मी, अमुक अमुक, सायराबाईंच्या दारात जाऊन सांगेन की तुम्ही इथून जा.' असं लिहा आणि खाली सही करा. कोण करतंय?"

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून पुढे धरलं. कोणी हात पुढे केला नाही. मेहताभाई कागदाकडे बघत राहिले. "काका, समझा करो ना. टीव्हीवर काय चाललंय बघताय ना तुम्ही?" मागून कोणीतरी म्हणालं, "मनीषा चॅनलमध्येच आहे की. तिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. काकाही. मी एवढंच म्हणाले, "मला... नक्की माहीत नाही." काकांनी नजर काढून घेतली. ठराव पडला, कारण सही करणारा कोणी सापडला नाही. मागच्या गेटला मात्र त्याच दुपारी कुलूप लागलं. कोणी लावलं ते कोणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका पुढच्या गेटाने वळसा घालून नया नगरमध्ये गेले आणि परत येऊन नोटीस बोर्डवर एक कागद लावला. त्यावर असं होतं: 'मी, सी-३०२ मधला नामदेव सोनकांबळे, आज सकाळी दहा वाजता नया नगरच्या बाजारात गेलो. भाजीवाल्या अन्वरने मला पाव किलो गवार दिली. औषधवाल्याने बीपीची गोळी दिली आणि लोणचं खाऊ नका म्हणून दरडावलं. एक मुलगा सायकल शिकताना माझ्या पायावर पडला. मी घाबरलो नाही. तो घाबरला.' खाली तारीख, वेळ, सही.

असे कागद रोज लागायला लागले. लिफ्टची वाट बघता बघता लोक ते वाचायचे, हसायचे. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू त्यांच्याबरोबर भाजीला गेल्या आणि त्या दिवशीच्या कागदावर दोन सह्या आल्या. काका मला म्हणाले, "मनीषा, तीस वर्षांत पहिल्यांदा मी प्रसिद्धीपत्रक लिहायलोय."

कोणीतरी त्या कागदाचा फोटो काढून बाहेर पाठवला. फिरत फिरत तो परत आमच्या ग्रुपवर आला तेव्हा वर एक ओळ चिकटली होती, 'हा म्हातारा कोणाचा माणूस आहे?' त्यानंतर चार दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, दोन जण काकांकडे आले. साधे शर्ट-पँट, बोलायला अगदी नम्र. मी पोह्यांची वाटी द्यायला गेले होते, स्वयंपाकघरात उभी होते. कुठल्या खात्यातून आलात, असं काकांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते हसले. "आजोबा, तुमचं वय झालंय, आराम करा. मुलगा शिक्षक आहे ना? नाशिककडे? चांगली नोकरी आहे." चहा छान झालाय म्हणाले, कप स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवले आणि गेले.

"धमकी कुठं दिली त्यांनी?" काका दार लावत म्हणाले. "तक्रार करायला गेलो तर लिहू काय?" पण त्यांना कडी सरकवता येईना. मी पुढे होऊन ती लावली.

शनिवारी मिलिंद आला. त्याच्या मुख्याध्यापकांना फोन आला होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. तो काकांसारखाच हळू बोलणारा. म्हणाला, "बाबा, तुम्हाला भीती वाटत नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या वाटणीची मला वाटते. रात्रंदिवस वाटते." काकांनी चप्पल घातली. मग खाली गेले, बोर्डवरचे सगळे कागद टाचण्या मोडू न देता एक एक काढले आणि घरी घेऊन गेले. पुढे त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कशालाही न भिणारा माणूस पोरासाठी भ्याला. बोर्डवर पुन्हा पाण्याच्या वेळा आल्या.

महिन्याभराने सायरा टीचरनी घर सोडलं. त्यांना जा असं कोणी म्हणालं नव्हतं. पण लिफ्टमध्ये बोलणं थांबलं होतं आणि ट्यूशनची मुलं एक एक करून 'उद्यापासून येत नाही' म्हणून गेली होती. टेम्पोत सामान चढताना खाली फक्त काका होते. सायरा टीचर त्यांच्या पाया पडल्या. "अंकल, आपने बहुत किया," म्हणाल्या. काका म्हणाले, "नहीं बेटा. थोडा किया, फिर बंद किया."

पुढे नात झाल्यावर मिलिंद काकांना कायमचं न्यायला आला. सामान बांधत असताना मी वर गेले. खूप दिवस मनात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं, "काका, 'मीरा रोड धुमसतंय' मी लिहिलं होतं. सभेत मी खोटं बोलले." ते पुस्तकं खोक्यात भरत होते, थांबले नाहीत. "मला त्याच दिवशी कळलं होतं. पट्टी सकाळी साडेनऊला आली. त्या वेळी तूच असतेस ना तिथं." मी रडायला लागले तेव्हा कुठे त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "माझ्याकडून माफी घेऊन काय करशील? मी पण तेच केलंय. उद्या परत सांगतील, तेव्हा बघ."

परत सांगितलंच. वर्षाच्या आत दुसऱ्या एका गावाचं नाव आलं, तसंच वाक्य, तशीच घाई. मी त्या गावातल्या ओळखीच्या एका केमिस्टला फोन केला. तो म्हणाला, दुकान उघडं आहे, गर्दी आहे, काय झालंय? मी डेस्कप्रमुखांना म्हटलं, "मी हे लिहिणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, शेजारच्या मुलीला सांगितलं. दोन मिनिटांत तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून मला हवामानावर टाकलं.

काकांना फोन करून सांगितलं. तब्येत खालावली होती, फोन मिलिंदने धरला होता. आवाज बारीक आला, पण हसल्याचं कळलं. "हवामान? बरं झालं की. पाऊस येणार नसला तर येणार नाही म्हण. माणसं तुमच्या भरवशावर घराबाहेर पडतात." आमचं शेवटचं बोलणं ते. पंधरा दिवसांनी मिलिंदचा मेसेज आला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मिलिंद मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "ताई, मी त्यांना गप्प केलं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गेल्या महिन्यात किनाऱ्यावर अवकाळी पावसाचा अंदाज आला. डेस्कवरून फर्मान सुटलं, 'किनारपट्टीवर अस्मानी संकट. मच्छीमारांमध्ये घबराट' असं घे. आमच्या गेटापाशी शनिवारी सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या, समुद्रकाठच्या तारोडीच्या मावशींचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन लावला.

"मावशी, पाऊस आहे का तिकडे?"

"न्हाय गो. कडक ऊन हाय. बोंबील घातलेत वाळत."

"लोक घाबरलेत का?"

"कशाला?"

मी त्यांना अंदाज वाचून दाखवला आणि मग लिहिलं, 'उत्तन, तारोडी भागात सकाळी कडक ऊन. संध्याकाळी हलक्या सरींची शक्यता. वाळत घातलेली मासळी चारच्या आत उचलावी.' डेस्कप्रमुख कपाळाला आठ्या घालून दोनदा वाचून गेले, काढायला मात्र सांगितलं नाही. ओळ दिवसभर सरकत राहिली. सहाला थोडा शिडकावा झाला, तेव्हा मावशींचा फोन आला. मागे बायकांचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. म्हणाल्या, आमच्या आळीतल्या सगळ्यांचे बोंबील घरात आहेत.