जपूनरावांची पाटी

खरं नाव कागदोपत्री होतं, पण वीजखात्यात तीस वर्षं आणि निवृत्तीनंतरही सगळे त्यांना जपूनराव म्हणत. कुणी जिना उतरो, चहा ओतो, नाहीतर नुसतं खुर्चीवर बसो, यांचं आपलं "जपून" ठरलेलं. बायको सांगायची, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा नमस्काराच्या आधी यांनी मला उंबरठा दाखवला."

भीती मात्र उगाच नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचा जोडीदार खांबावर असताना खाली कुणीतरी काढलेला फ्यूज परत बसवला. जोडीदाराला चौघांनी उचलून नेलं. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत फ्यूज जपूनरावांच्या खिशात आणि पेटीवर पत्र्याची पाटी: काम चालू आहे, हात लावू नये. निवृत्त झाले तशी पाटीही घरी आली. गिझरवर, पंख्याच्या बटणावर, नळावर ती लटकायची आणि काम झाल्यावरही दोन-दोन दिवस तशीच राहायची, कारण यांची खात्री म्हणून पटायची नाही. शेवटी घरच्यांना ती दिसेनाशीच झाली.

त्या सकाळी पाटी गाडीच्या स्टिअरिंगवर होती. खड्ड्यात गेलं की पुढून धाडधाड आवाज यायचा. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्ममधले रबरी बुश झिजून लोळागोळा झाले होते. दोन दिवस खपून जपूनरावांनी दोन्ही बाजूंचे आर्म उतरवले, जुने बुश ठोकून काढले, नव्यांना साबणाचं पाणी लावून व्हाइसच्या लोखंडी पकडीत दाबून बसवलं. लेक म्हणाली होती, "बाबा, गॅरेजला द्या ना." पण गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवायचा तर रात्रीची झोप कुठून आणायची?

या कामात एक मेख आहे. चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर आतलं रबर पिळलेलंच राहतं आणि चार महिन्यांत फाटतं. म्हणून नट नुसते बोटांनी फिरवायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग खाली झोपून ते आवळायचे. जपूनरावांनी गाडी उतरवली, पुढेमागे ढकलून नीट बसू दिली. किल्ली खिशात टाकली आणि मागच्या गल्लीतल्या फिटरकडे लांब दांड्याचा पाना आणायला गेले. फिटर बोलघेवडा. वीस मिनिटं तिथेच गेली.

परत आले तर अंगण रिकामं.

जॅक होता, तेलाचा डाग होता. पाटी पायरीवर भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं ते अकराला, पण लेक लवकर येऊन तिला घेऊन गेली होती. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते, हे जगभराच्या काळज्या वाहणाऱ्या या माणसाला सुचलंच नव्हतं.

जपूनरावांनी खिशातला फोन काढला. दवाखाना उताराच्या पायथ्याशी, आणि उतारावर दोन वळणं. चार नट, बोटांनी फिरवलेले. बायकोला फोन लावला तर तो स्वयंपाकघरात चार्जिंगला वाजायला लागला. लेकीला लावला. ती उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ तिला त्यांनीच घातली होती. तरी ते लावत राहिले, लावत लावतच फिटरकडे धावले, आणि फिटरच्या स्कूटरवर मागे बसून आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "जोरात घे."

फिटरने वळून पाहिलं. "काय म्हणालात, जपूनराव?"

"जोरात घे रे बाबा. नट हातानेच लावलेत. दोघी गाडीत आहेत."

फिटरने स्कूटर सुसाट सोडली. वाटेतला प्रत्येक घोळका जपूनरावांना गाडीभोवतीच जमलेला वाटत होता. तो खांबावरचा जोडीदार, त्याची खाली पडलेली चप्पल, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. मग खिशातला फोन वाजला, आणि त्याच क्षणी उताराच्या तोंडाशी बाजूला घेतलेली गाडी दिसली. लेक फोन कानाला लावून उभी होती.

"नऊ वेळा, बाबा," ती चिडून म्हणाली. "शेवटी बाजूला घेतली गाडी. काय झालंय एवढं?"

"काही नाही. एक नट बघायचा राहिला."

"मघापासून टकटक वाजतंय खरं. म्हटलं, तुमच्यासारखं प्रत्येक आवाजाला थांबलं तर इथेच तंबू ठोकावा लागेल."

जपूनराव रस्त्यावर उताणे होऊन गाडीखाली सरकले. डावीकडच्या मागच्या बोल्टला नटच नव्हता. बोल्ट निम्मा बाहेर आलेला, जेमतेम टोकावर आर्म पेलून. वाकून बघणाऱ्या फिटरचा चेहरा उतरला. तो तोंड उघडणार तेवढ्यात जपूनरावांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. फिटरने स्कूटरच्या डिकीतून त्या मापाचा नट शोधून दिला. बोल्ट आत ठोकला, चारही नट आवळले, मग पुन्हा आवळले.

ते बाहेर आले. शर्ट काळा, तोंड पांढरं. जन्मभर पंख्याच्या आवाजाचीसुद्धा भीती घरभर सांगत फिरलेला माणूस, पण आज सांगण्यासारखी होती ती त्यांनी गिळली.

"झालं. जा आता," ते लेकीला म्हणाले.

लेक स्टिअरिंगवर बसली. बायकोने खिडकीची काच खाली केली आणि अधू डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "जपून म्हणाला नाहीत."

त्यांनी म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द आला नाही.

बायकोचा चेहरा हळूहळू बदलला. तिने लेकीच्या हातावर हात ठेवला, किल्ली फिरवून काढून घेतली आणि दार उघडून खाली उतरली.

"डोळे उद्या दाखवू," ती म्हणाली, आणि किल्ली त्यांच्या खिशात टाकली.