एका स्टिकरची गोष्ट

विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत सकाळी प्रार्थनेच्या वेळी सभागृहात तिरपं ऊन यायचं. त्या उन्हात तरंगणारी धूळ बघत मी अर्धवट स्वप्नातच उभी असायचे. प्रार्थना सांगायची मी शिकवत असलेल्या नववीच्या वर्गातली एक मुलगी. ती गायला लागली, की हजेरी, तपासायच्या वह्या, सगळं कुठेतरी विरघळून जायचं.

एके दिवशी ती मधेच थांबली. मागच्या रांगांत मुलं हसू दाबत होती. सुट्टीत ती माझ्याकडे आली. स्नेहसंमेलनात ती गात असतानाचा व्हिडिओ कुणीतरी घेतला होता. त्यातल्या तिच्या उघड्या तोंडाचा स्टिकर करून मुलांच्या ग्रुपवर टाकला होता.

"अगं, दुर्लक्ष कर. दोन दिवसांत विसरतील," मी म्हटलं.

"बरं, बाई," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही.

चौथ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. "शाळेत फोनला बंदीच आहे. हे सगळं घरी चालतं," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वा! म्हणजे मुलं साडेबारापर्यंतच आपली. पुढे ती कुणाची, तेही ठरवून टाका."

मी खाली मान घालून वर्गात गेले. त्या दिवशी धडा घेतला नाही. ती का येत नाही ते मुलांना सांगितलं आणि मी तिला काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. मग वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी उठली.

"बाई, स्टिकर मी केला. इतका पसरेल असं वाटलं नव्हतं."

त्या हुशार मुलीच्या आईला फोन करून शाळा सुटल्यावर ती आणि मी गाणाऱ्या मुलीच्या घरी निघालो. आळंदी रस्त्याची एवढी रहदारी, पण त्या दुपारी मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाण्याखालून चालावं तसं चालत होतो.

"सगळ्यांना काढून टाकायला सांगितलंय," दारातच स्टिकर करणारी म्हणाली. "तरी कुणाच्या तरी फोनमध्ये राहिला असेल."

"माहितीये," गाणारी म्हणाली. "आधी मला विचारलं असतंस, तर मीच वेडंवाकडं तोंड करून फोटो दिला असता."

दोघीही हसल्या नाहीत. पण सोमवारी गाणारी शाळेत आली. त्या वर्षी प्रार्थना मात्र तिने पुन्हा सांगितली नाही, आम्हीही आग्रह केला नाही.

मुख्याध्यापिकांनी शुक्रवारचा शेवटचा तास अशाच गोष्टी बोलायला राखून ठेवला. पहिल्याच शुक्रवारी एकाने विचारलं, "बाई, मी केलं नाही, फक्त पुढे पाठवलं. तर?" उत्तर मी दिलं नाही, प्रश्न वर्गापुढेच ठेवला. मुलं हळूहळू बोलू लागली.