कौसल्येची नासपती

कौसल्येने माझ्याच मांडीवर मान टाकली. दवाखान्याकडे निघालेली गाडी अजून दिंडोरी रस्त्यावरच होती. पुढे बसलेला नामदेव, तिचा नवरा आणि माझा धाकटा दीर, ड्रायव्हरला सारखा "चल, लवकर चल" म्हणत होता. मी म्हटलं, "सावकाश चल आता. संपलं." कोणीतरी सांगायला हवंच होतं...

आमचं सगळं द्राक्षाचं. त्यात माझ्या या जावेने घरामागच्या तुकड्यात नासपती लावायचं काढलं, तेव्हा भावकी हसली. तिच्या फौजी भावाने उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरातून आणलेली रोपं नुसती पानं धरून उभी राहिली, फुललीच नाहीत. दुसरी गप्प बसली असती. हिने नर्सरीवाल्याचं डोकं खाऊन समजून घेतलं, की त्या जातीला कडक थंडी लागते. आपल्याकडच्या थंडीवर भागवून घेणारी जात वेगळी. तीही एकटी लावून भागत नाही, फळ धरायला शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. मग तिने जुनी रोपं उपटली आणि दोन जातींची दोन कलमं लावली.

झाडं वाढली आणि नामदेवाने घोळ घातला. ऑक्टोबर छाटणीची टोळी द्राक्षातून निघाली, की तो तिला घरामागे न्यायचा आणि नासपतीही वेलीसारखी छाटून घ्यायचा. द्राक्षाला नव्या फुटीवर माल येतो. नासपतीला जुन्या फांदीवरच्या आखूड गाठींवर येतो, आणि त्या गाठीच दरसाल कात्रीत जायच्या. वर हाच म्हणाला, "फूल नाय, फळ नाय. पुढच्या सालीबी असंच ऱ्हायलं तर तोडून टाकीन."

कौसल्येने पुन्हा नर्सरीवाल्याला गाठून हे गाठींचं समजून घेतलं, तेव्हा तिच्या हातात एकच साल उरलं होतं. टोळी आली तेव्हा ती झाडाखाली बाज टाकून लसूण सोलत बसली.

"ऊठ, छाटू दे."

"आधी माझी वेणी कापा, मग फांदी."

"लोक हसतील ना!"

"हसू द्या. लग्नात तुमच्या मिशीलाबी हसलेच व्हते."

टोळीतल्या बाया कात्र्या टाकून हसल्या. नामदेव टोळी घेऊन मागे फिरला. टोळी निघून जाईपर्यंत तिने ती जागा सोडली नाही.

फाल्गुनात दोन्ही झाडं पांढरी झाली. पुढे फळं तयार झाली तेव्हा नामदेवाने एक तोडून चावलं आणि थुंकलं. "हा तर धोंडा हाय!" तिने फळं उतरवून पेंढ्यात घातली आणि पिवळी झाल्यावर त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक खाल्लं. मग दुसरं उचललं. त्याच्याकडून एवढंच कौतुक मिळतं.

आमच्या घरात हट्टी बाया पुष्कळ आल्या, मीही त्यातलीच. पण आधी शिकून मग हट्ट धरणारी ही एकटीच.

यंदाची फळं मी आणि नामदेवाने उतरवली. तिच्या खोलीत पेंढ्यात पिकत आहेत, दार उघडलं की वास येतो... कौसल्या गेली. नामदेव आहे आणि मी आहे.