पोहे कोणी केले?

"तुमच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत," आमच्या नेहमीच्या डॉक्टर म्हणाल्या. "आणि तरीही तुम्ही आजारी आहात. या आजाराला नाव आहे."

नाव होतं क्रॉनिक फटीग सिंड्रोम. म्हणजे महिनोन्महिने टिकणारा आणि झोपूनही न उतरणारा थकवा. माझ्या बाबतीत तो एका साध्या तापानंतर आला आणि गेलाच नाही. हॅम्बर्गच्या त्या दवाखान्यात मला खरं तर रडू यायला हवं होतं. झाला तो आनंद. तोवर मी स्वतःला आळशी समजत होते.

केस धुताना हात मध्येच खाली घ्यावे लागत. जिना चढताना पायरीवर बसावं लागे. पुण्यात मी वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात होते, इथे एका कंपनीत तांत्रिक मजकूर तपासते. त्या कामात एकच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचू लागले, तेव्हा आजारपणाची रजा घेतली. थायरॉइड, लोह, हृदय, झोप, सगळं तपासून झालं. वेटिंग रूममधल्या खुर्च्या पाठ झाल्या.

पण खरं नुकसान वेगळं होतं. दर रविवारी मी आणि माझी मुलगी इरा बंदरातून फेरीबोट पकडून एल्बे नदीवर जायचो. पाऊस असला तरी वरच्या डेकवरच. माझ्या आजारपणात ती आधी दर रविवारी विचारायची, मग तिने विचारणं सोडलं. मला ती फेरी परत हवी होती.

आजार बरा करणारं औषध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपाय म्हणजे पेसिंग, जेवढी शक्ती आहे त्याच्या आतच दिवस बसवणं. चिनी उपचारांबद्दल मीच विचारलं.

"पुरावा तोकडा आहे," त्या म्हणाल्या. "जायचं तर त्याचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच जा. आणि काढ्यात काय आहे ते मला दाखवा."

चिनी उपचार शिकलेल्या डॉक्टरबाई जर्मनच होत्या. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवरची नाडी पाहिली आणि मग विचारत राहिल्या. झोप, घाम, भूक, पाय गार पडतात का. इतकं कोणी विचारलंच नव्हतं! निदान होतं 'स्प्लीन ची'ची कमतरता. ची म्हणजे शरीरातली शक्ती. त्या शास्त्रातलं स्प्लीन म्हणजे आपण ओळखतो ती प्लीहा नव्हे, अन्नातून शक्ती काढणारी व्यवस्था. हे मला पटलं असं नाही, पण कळलं.

गुडघ्याखाली, पोटरीजवळ बारीक सुया टोचल्या. दुखलं नाही. उबदार जडपणा पसरला आणि मी तिथेच झोपले. काढ्याला ओल्या मातीचा आणि ज्येष्ठमधाचा वास होता. सकाळचं गार दुधातलं ओट्स-सुकामेव्याचं म्युस्ली बंद झालं. त्याऐवजी भरपूर पाण्यात मंद शिजवलेला तांदूळ, चिमूटभर मीठ, थोडं आलं.

मंदार, माझा नवरा, रत्नागिरीचा. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. "एवढे उपचार करून शेवटी पेजच ना!"

काही आठवड्यांनी एका सकाळी मी जिना न थांबता चढले. वर पोचल्यावर मोठ्याने हसले. पुढच्याच आठवड्यात पुन्हा अंथरुणाला खिळले.

"मधल्या रविवारी काय केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही. विश्रांती. लोक मला बघायला आले होते."

"बघायला?"

कोणी आजारी असलं की आमच्याकडे लोक भेटायला येतात, हे मी समजावून सांगितलं.

"छान पद्धत आहे. चहा कोणी केला?"

"मी."

"खायला?"

"पोहे. फक्त."

"पोहे कोणी केले?"

"तेही मीच."

"मग आजारी कोण होतं?"

याचंही एक नाव आहे, पोस्ट-एक्झर्शनल मॅलेज. आज चांगलं वाटतं म्हणून केलेल्या श्रमांनी एकदोन दिवसांनी शरीर कोसळतं. "थकल्यावर थांबणं म्हणजे उशीर," त्या म्हणाल्या. "थकण्याआधी थांबायचं. सुया तुमच्या पाहुण्यांना पुरणार नाहीत."

पुढच्या रविवारी देशपांडे काका-काकू आले. दोघं कित्येक वर्षं हॅम्बर्गला आहेत.

"अगं, उठू नकोस," काकू दारातूनच म्हणाल्या. हे सगळेच म्हणतात आणि ऐकणारी उठतेच.

"उठत नाही, काकू," मी म्हणाले. "चहा तुम्हीच करा. मलाही द्या."

काकू काकांकडे वळल्या. "अहो, ऐकलंत का? उठा."

काका स्वयंपाकघरात गेले. "साखर कुठे आहे?"

"वरच्या कप्प्यात."

"आणि आलं?"

"आलंही वरच असतं का?" काकू ओरडल्या. "फ्रिजमध्ये बघा!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "यांचं सगळं आयुष्य कारखान्यात विमानं जोडण्यात गेलं. चहा आज प्रथमच."

चहा फार उकळला होता. मी सगळा प्यायले. इरा दारात उभी राहून हे बघत होती. तिला मी डॉक्टरबाईंचा नियम सांगितला.

या आजाराचं नाव तुम्हालाही मिळालं असेल, तर माझा अनुभव एवढाच धरा: आजार गेलेला नाही. सुयांनी किती फरक पडला, पेजेने किती आणि न उठण्याने किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तपासण्या आधी करा, काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका आणि भेटायला येणाऱ्यांना कामाला लावा. ते नाराज होत नाहीत. काका हल्ली आलं घरूनच किसून आणतात.

वसंतातल्या एका रविवारी काका-काकू गेल्यावर मला जाणवलं की शक्ती उरली आहे. मी इराला म्हणाले, "जाकीट घाल."

आम्ही वरच्या डेकवर गेलो. वारा तोच होता, डोळ्यांत पाणी आणणारा. कंटेनरची प्रचंड जहाजं, डिझेलचा वास, सीगलचा गोंगाट. मला नाचावंसं वाटत होतं. इरा घरी जर्मनमध्येच उत्तर देते. त्याच भाषेत तिने विचारलं, थकलीस का?

"अजून नाही," मी म्हणाले. "मुळीच नाही!"

"मग उतरू या," ती म्हणाली.

पुढच्याच धक्क्यावर आम्ही उतरलो.