तोंड नसलेल्या जंताची आई

माझं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे आणि माझी लेक समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका जंतावर पीएचडी करत होती. हे दोन्ही एका दमात सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझं डोकं फिरतं ते ‘पण त्याचा उपयोग काय हो?’ असं विचारणाऱ्यांवर. अहो, तुम्ही रोज माझ्याकडून सहा पोळ्या आणि मटकीची उसळ नेता, तुमचा काय उपयोग असं मी कधी विचारलंय का?

ट्यूबवर्म म्हणतात त्याला. ऊन कधी पोचतच नाही इतक्या खोल, तळाच्या भेगांमधून गरम, विषारी पाणी वर येतं, तिथे हा माणसाएवढ्या उंच नळीत उभा राहतो. डोक्यावर लालभडक तुरा. आणि तोंड नाही! पोटही नाही! लेकीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते, हात परातीतच राहिला.

“मग जेवतं काय ते मेलं?”

“त्याच्या अंगातच बॅक्टेरिया राहतात आई, खच्चून भरलेले. हा त्यांना पाण्यातला तो विषारी गॅस आणि ऑक्सिजन आणून देतो, ते आतल्या आत अन्न बनवतात, त्यावर हा जगतो. पिढ्यान्‌पिढ्या आयतं मिळतंय ना, त्यामुळे काही गोष्टी स्वतः बनवायचे त्याचे जीन्ससुद्धा गळून गेलेत.”

मला लग्गेच कळलं. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये असे तीन जंत राहतात. एकीचा लग्नातला कुकर अजून खोक्यातून बाहेर आलेला नाही, मीच विचारलंय तिला. पोळी-भाजी केंद्र शेजारी असल्यावर माणसाचंही हळूहळू असंच होतं.

तर व्हायव्हाच्या, म्हणजे पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, पंधरा दिवस आधी डिपार्टमेंटमध्ये तिची रंगीत तालीम होती. संध्याकाळी घरी आली ती चेहरा पाडून. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “आई, मी व्हायव्हा देत नाही. मला नाही जमणार. उद्यापासून तुझ्यासोबत केंद्रात बसते.”

झालं असं, की तिच्या गाइड सरांनी एक साधा प्रश्न विचारला. त्या गॅसने कुठलाही जीव मरतो, मग हा कसा जगतो? पाच वर्षं ती तेच तर वाचत होती. सगळं येत होतं. पण समोर पंधरावीस माणसं बघून तिची वाचाच बसली. “माझ्या ट्यूबवर्मसारखं झालं,” ती म्हणाली, “तोंडच नाही.”

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं सांगते. पण राग हा वरवरचा होता. आत भीती होती. ही लहानपणापासून अशीच. वक्तृत्व स्पर्धेत पहिलं वाक्य म्हणून खाली उतरून आलेली. आणि मी पडले दहावी पास. तिचं इंग्रजी मला कळत नाही, तिचे जीन्स कळत नाहीत. ऐन वेळेला हिच्या हातात ठेवायला माझ्याकडे आहेच काय, हा विचार मला खात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे गेल्यावर ती खरंच आली, फुरंगटून. मी पोळपाट-लाटणं पुढे सरकवलं. “केंद्रात बसायचंय ना? मग लाट.” लाटते मात्र छान हं. दहाव्या वर्षापासून घडीची पोळी तिला येते.

माझ्याकडे पोळ्यांना तीन बायका आहेत. त्यातली एक मानपाड्याची, तिचा नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. तिने उंडे करता करता विचारलं, “काय गं बयो, जंत कसाय तुझा? तो म्हणे कसल्या गॅसवर जगतो?”

“सडक्या अंड्यांसारखा वास येतो ना मावशी, तो गॅस.”

“अगंबाई, मग ओळखीचाच की! ह्यांना कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवलेलं. वास येतोय तोवर ठीक. वास यायचा अचानक बंद झाला की पळत सुटायचं. आधी नाक मरतं, मग माणूस.”

लेक बघतच राहिली. “बरोब्बर मावशी! अगदी बरोब्बर!”

“मग मला सांग, माणूस आडवा होतो त्याने, तुझा जंत कसा नाही होत?”

सरांचाच प्रश्न! मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले. लेकीचे हात मात्र चालूच होते, लाटणं पुढे, मागे, पोळी चतकोर फिरव, परत पुढे. आणि खाली पोळीकडे बघतच ती बोलायला लागली.

“रक्तामुळे, मावशी. आपलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं ना, तसं त्याचंही धरतं. पण त्याच्यात गॅस धरायला वेगळी जागा आहे. एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे गॅस, दोघांची गाठ पडू द्यायची नाही आणि थेट बॅक्टेरियांच्या दारात नेऊन द्यायचं. त्यासाठी त्या हिमोग्लोबिनच्या जीन्सच्या प्रतीच्या प्रती वाढल्यात. मी त्याच शोधत असते.”

“म्हणजे एका हातात दूध, दुसऱ्या हातात चिंचेचा कोळ,” मानपाड्याची म्हणाली, “आणि लग्नघरातून न सांडता जायचं.”

“हो!” लेक खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसली असेल. तोवर वीसेक पोळ्या लाटून झालेल्या, तिला पत्ता नाही.

मग रोज दुपारी तेच. आम्ही चौघी परीक्षक. कळलं नाही की पुन्हा सांगायचं, आणि उगाच जड इंग्रजी शब्द टाकला की पाच पोळ्या जास्त. काय मजा यायची! समोरच्या बिल्डिंगमधली ती कुकरवाली एकदा भाजी न्यायला आली आणि अर्धा तास उंबऱ्यातच उभी राहिली.

एकदा मी विचारलं, “पिल्लाला हे बॅक्टेरिया आईच देत असेल ना? विरजण लावल्यासारखे?”

“नाही गं. काही शिंपल्यांमध्ये देते आई, अंड्यातूनच. हा नाही देत. पिल्लू तसंच पाण्यात सुटतं. तेव्हा त्याला तोंड, आतडी सगळं असतं. तळाशी गेल्यावर ते बॅक्टेरिया त्याला भेटतात, कातडीतून आत शिरतात, मग तोंड हळूहळू मिटून जातं.”

“कसली आई म्हणायची ही!” मी भडकलेच. “लेकराला रिकाम्या हाताने समुद्रात सोडून दिलं?”

जरा जास्तच लागलं मला ते. का लागलं, ते मलाच ठाऊक. लेक काही सांगायला गेली, तेवढ्यात पुरणपोळ्यांच्या ऑर्डरचा फोन आला आणि तो विषय तिथेच राहिला.

व्हायव्हाच्या दिवशी मी ‘आज केंद्र बंद आहे’ अशी पाटी लावली. समोरच्या बिल्डिंगची तोंडं बघण्यासारखी झालेली. ऑर्डरी पोचवायच्या व्हॅनमध्ये बसून आम्ही चौघी शिळफाट्याचं ट्रॅफिक काढत ठाण्याला तिच्या कॉलेजात पोचलो. व्हायव्हाला कुणीही बसू शकतं म्हणे. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो, ठेवणीतल्या साड्या नेसून, व्हॅनमधला मेथीचा वास अंगाला घेऊन.

सगळं इंग्रजीत. पण पडद्यावर लाल तुऱ्याचा जंत आला तशी मानपाड्याची पुटपुटली, “आला बघ आपला.” लेक नीट बोलत होती. मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर करून काहीतरी विचारलं. मला त्यातला ‘मदर’ तेवढा कळला.

लेक थांबली.

थांबली ती थांबलीच. सरांनी मान खाली घातली. मानपाड्याचीने माझं मनगट धरलं. देवा, तोंड दे रे हिला, एवढंच मी म्हणत होते.

आणि मला तिचे हात दिसले. टेबलावर, काही नसताना, दोन्ही हात पुढे गेले, मागे आले. उजव्या हाताने चतकोर फिरवलं. परत पुढे. तिला कळतही नव्हतं. माझी पोर परीक्षकांसमोर पोळी लाटत होती! आणि लाटता लाटता तिचं तोंड उघडलं, मग काही थांबली नाही.

नंतर बाहेर टपरीवर कटिंग घेताना मी विचारलं, “काय विचारलं गं त्या बाईंनी?”

“तुझाच प्रश्न, आई. बॅक्टेरिया आई देत नाही, मग पिल्लाला आईकडून मिळतं तरी काय?”

“मग?”

“म्हटलं, पारख मिळते. समुद्रात बॅक्टेरिया ढिगाने असतात. त्यातल्या नेमक्या कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, हे ओळखणारे जीन्स आईबापाकडूनच येतात. ते नसते तर पिल्लू जगलंच नसतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “उगाच शिव्या घातल्यास तिला. रिकाम्या हाताने नाही सोडत ती.”

मी चहा गरम आहे म्हणाले आणि तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, रडले. मानपाड्याचीही रडली, आणि वर मलाच म्हणाली, “पुरे आता ताई, डॉक्टरची आई शोभत नाहीस.”

लेक आता कॉलेजात शिकवते. भरलेल्या वर्गापुढे बोलते, मुलं हसतात म्हणे तिच्या तासाला. तिच्या हातांचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर लाजेल, आणि पुढच्या वेळी टेबलाखाली लपवेल.