माईंच्या पायाची रग

तुमचे आजोबा इतकी वर्षं माझ्यासोबत राहिले आणि हे न कळताच गेले. माझ्या बहिणींना ठाऊक नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हे कधी नीट शब्दांत मांडलेलं नाही — तिथेही वळसा घालूनच उभी राहते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. पण जे ऐकलं ते इंग्रजीत ऐकलं होतं, आणि जे बोलले ते मराठीत. म्हणून मराठीतच लिहिते. अडलात तर बाबाकडून वाचून घ्या. म्हणजे त्यालाही कळेल. कळू दे.

वर्गात मी मुलींना सांगायची, आधी कारण लिहा, मग परिणाम. इथे तसं करायला गेले तर कारण सबबीसारखं दिसेल. तरी कुठून तरी सुरुवात करायलाच हवी ना?

माई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमची पणजी. परभणीकडच्या शेतकरी घरातल्या. हैदराबादेत हिमायतनगरच्या भाड्याच्या घरात आम्ही सगळे एकत्र होतो — माई, आजोबा, मी, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई. तुमचा बाबा तेव्हा रांगत होता. मी नारायणगुड्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. हैदराबाद राज्याचे तीन वाटे होणार हे ठरलं होतं, आणि सरकारी नोकरीतली माणसं भेटली की नमस्काराऐवजी विचारायची, "तुमचं कुठे लागलं?" भाऊजींचं औरंगाबादला लागलं. तुमचे आजोबा इथेच राहिले. माई कुणाकडे राहणार, हे मात्र कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

त्या दिवसांत आबिड्सला गेलं की माई थोडं चालून एखाद्या दुकानापुढे थांबायच्या. काचेतल्या लुगड्यांकडे बघत उभ्या राहायच्या. जाऊबाई म्हणायच्या, "माईंना आज अख्खं आबिड्स घरी न्यायचंय वाटतं." माई म्हणायच्या, "तुझ्या बापाचं काय जातंय गं बघायला?" आम्ही हसायचो. एकदा मी एकटीच सोबत असताना त्या हळूच म्हणाल्या, "लुगडी कुठली बघतेय. पायाला रग लागते. थांबलं की जाते."

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एवढं खरं आहे, मी नेलं.

डॉक्टर वयस्क, जुन्या हैदराबादी घराण्यातले. माई त्यांना म्हणाल्या, "पाँव में रग लगती, डॉक्टर साब."

"कौनसी रग, अम्मा?"

"कौनसी क्या? दोनों पाँव को लगती."

उर्दूत रग म्हणजे रक्तवाहिनी, हे माईंना कुठलं ठाऊक असणार? डॉक्टर हसले, मीही हसले. मग त्यांनी माईंच्या पावलांवर, घोट्यांमागे बोटं टेकवून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

त्या काळी पेशंटला घाबरवायचं नाही म्हणून डॉक्टर घरातल्या शिकलेल्या माणसाशी इंग्रजीत बोलत. शिकलेलं माणूस म्हणजे मी. माई शेजारी बसून आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, गंमत अशी की आई बरोबर बोलल्या, दुखणं रगेचंच आहे. पायांच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत चालल्यात. अंगातल्या सगळ्या वाहिन्या सारख्याच — पायांनी आधी तक्रार केली एवढंच. दुर्लक्ष केलं तर उद्या हृदय करील, मेंदू करील. रक्तदाब चढलेला आहे, तेव्हा मीठ कमी करा. तंबाखू पूर्ण बंद. (माई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या, भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड.) पावलाला जखम होऊ देऊ नका. आणि रोज चालवा. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. त्यानेच बाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होतात आणि रक्ताला वाट मिळते. बसवून ठेवू नका. आणि मला दाखवत राहा.

मला दाखवत राहा.

रिक्षात बसल्यावर माईंनी विचारलं, "काय म्हणाला गं डॉक्टर?"

मी — लिहितेच आता — मी म्हणाले, "काही नाही माई, वयाची रग आहे. आराम करायला सांगितलंय. फार चालायचं नाही."

दाखवत राहायचं म्हणजे माईंनी हैदराबादेत राहायचं. घरी खरं सांगितलं असतं तर दोघा भावांनी जेवणाच्या पाटावरच ते ठरवून टाकलं असतं. आणि मला माझं घर हवं होतं. शाळेतून आल्यावर कुणी दाराकडे बघत बसलेलं नको होतं. माई दुष्ट नव्हत्या. असत्या तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

पण मग नुसतं "काही नाही" म्हणून भागलं नसतं का? आराम कशाला सांगितला? कारण चाला म्हटलं असतं तर त्यांनी "का" विचारलं असतं. आराम म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. एवढा हिशेब मी दवाखान्याचा जिना उतरता उतरता केला होता.

माई भाऊजींबरोबर औरंगाबादला गेल्या. काचीगुडा स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडले. मिश्रीचा डबा मीच भरून दिला होता, लोणच्याची बरणीही. घरी आले तर घर माझं झालं होतं. पुढे आसपासची मराठी घरंही एकेक करून रिकामी होत गेली.

दुसऱ्या थंडीत निरोप आला. नव्या वहाणेने अंगठा सोलला, तो भरलाच नाही, काळा पडत वर चढला. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. आम्ही गेलो. जाऊबाई रडत म्हणाल्या, "मी म्हणायची, माई, देवळापर्यंत तरी चला. तर म्हणायच्या, डॉक्टरने आराम सांगितलाय, थोरलीने इंग्रजीतून नीट विचारून घेतलंय."

मी खाटेच्या कडेला बसून माईंचा राहिलेला पाय चेपू लागले. पाऊल गार होतं. बघायला आलेल्या शेजारणीला माई म्हणाल्या, "ही माझी थोरली. हिनेच नेलं होतं मला डॉक्टरकडे." तेव्हा सांगता आलं असतं. एक पाय शिल्लक होता. हृदय होतं, मेंदू होता, डॉक्टरांचं सगळं सांगणं अजून लागू होतं. पण आधी का नाही बोललीस, असं कुणीतरी विचारलं असतं. मी पाय चेपत राहिले.

त्या उन्हाळ्यात अर्धांग झालं. वाचा गेली, मग माई गेल्या.

मागच्या रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला. हल्ली चालताना पोटरी आवळते, तिकडचे डॉक्टर विचारतात, घरात कुणाला होतं का. या वेळी मी सगळं सांगितलं. माईंचं नाव घेऊन, डॉक्टरांचा शब्द न् शब्द — चाल, थांब, पुन्हा चाल. मीठ, रक्तदाब, पावलांची काळजी. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टरांनी एवढं सांगूनही माईआजी बसूनच राहिली? हट्टीच होती म्हणायची."

"पावलं जप," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. घरात दुसरा आवाज नव्हता.

माई हट्टी नव्हत्या. मी जे सांगितलं, ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.